साथीच्या काळातील घरसंसार

(वार्षिक स्नेहसंमेलनानिमित्त भरलेल्या पालक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यासाठी मला ‘साथ आणि समाज’ हा विषय देण्यात आला होता. समाज या शब्दाचा आवाका फार मोठा आहे आणि त्यावर बोलण्यास माझ्यापेक्षा अधिक अधिकारी मंडळी या व्यासपीठावर बसलेली आहेत. मी वर्गात शिकविणारा माणूस. माझ्या हातात हजेरीपट असतो, आणि मुलाच्या घरात काय चालले आहे ते हजेरीपटावरून बरेचसे कळते. बाप आजारी पडला की थोरल्या मुलाच्या नावापुढे गैरहजेरी लागू लागते. घरात बाळंतपण असले की मुलीच्या नावापुढे. म्हणून अध्यक्षांच्या परवानगीने मी समाजाऐवजी घर हा शब्द घेतो. २०२० व २०२१ या दोन वर्षांत चंद्रपूर-गडचिरोलीकडील आपली घरे कशी चालली, कोणी काय सोसले, आणि खर्चाला कात्री लावायची वेळ आली तेव्हा ती प्रथम कशावर चालली, एवढेच मी बोलणार आहे.

साथ सरली, आता तो विषय कशाला, असे काही पालकांच्या मनात येईल. ज्यांची त्या वेळी तिसरी-चौथी बुडाली ती मुले आज माध्यमिक वर्गांत बसतात, आणि त्यांतील काहींना अजून एक परिच्छेद सलग वाचता येत नाही. आमच्या दृष्टीने विषय संपलेला नाही तो यामुळे.

आपल्या भागाला साथ नवी नव्हे. १९१८ साली जगभर पसरलेल्या इन्फ्लुएन्झाला मराठी मुलखात मानमोडी म्हणत. जूनमध्ये ती मुंबईत दिसली आणि पावसाळा सरता सरता तिची दुसरी, अधिक घातक लाट सर्व देशभर पसरली. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे तिने नेली असे अभ्यासक मानतात. त्या काळी आपला चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता आणि ज्या प्रांतांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत भयंकर होते त्यांत मध्य प्रांत येतो. १९०१ पासूनच्या जनगणना पाहिल्या तर देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली असे एकच दशक सापडते, ते १९११ ते १९२१ चे. त्याच साली पावसानेही दगा दिला होता, धान्य महागले होते. म्हणजे ज्या घरात ताप शिरला त्याच घरातील कोठी रिकामी होती. रोग आणि पोट यांची ही जोडी आपण ध्यानात ठेवावी, कारण शंभर वर्षांनी ती पुन्हा आली, मात्र उलट्या क्रमाने.

उलट्या क्रमाने म्हणतो त्याचे कारण असे. २४ मार्च २०२० च्या रात्री देशभर २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली. त्या वेळी मुंबई-पुण्यात रुग्ण सापडत होते; आपल्याकडे एकही नव्हता. चंद्रपुरात पहिला रुग्ण २ मे रोजी आढळला, गडचिरोली जिल्ह्यात तर मे महिना अर्धा सरल्यावर. म्हणजे रोगाच्या आधी महिना-दीड महिना रोजगार गेला. आणि तो कोणत्या दिवसांत गेला पहा. मार्च-एप्रिल म्हणजे मोहफुले वेचण्याचे दिवस. पहाटे अंधारात बाया टोपल्या घेऊन जंगलात जातात, फुले अंगणात वाळतात आणि त्यांतून घरखर्चाचे रोख पैसे हाती येतात. त्या वर्षी फुले पडली, वेचलीही गेली, पण आठवडी बाजार बंद आणि खरेदीदार घरात. पुढे मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम कसाबसा पार पडला. ७० पानांचा एक पुडा बांधून जी रोकड येते तिच्यावर या जिल्ह्यांतील कितीतरी घरांची बियाण्याची आणि मुलांच्या वह्यांची सोय होते. हंगाम मुळीच झाला नसता तर काय अनर्थ ओढवला असता याची कल्पनाही करवत नाही.

याच दिवसांत आपल्याकडील हजारो मजूर मिरची तोडण्यास तेलंगणात गेलेले असतात. वाहने बंद झाली तेव्हा कित्येक जण चालत निघाले. कोणी जंगलातून, कोणी प्राणहिता आणि गोदावरी ओलांडून. आपल्या शेजारच्या विजापूर जिल्ह्यातील, म्हणजे छत्तीसगडमधील, १२ वर्षांची एक मुलगी अशीच मिरचीच्या शेतावरून निघालेली असताना, गाव जवळ आल्यावर वाटेतच मरण पावली. ही गोष्ट त्या एप्रिलमध्ये देशभरच्या वर्तमानपत्रांत आली. बारा वर्षांची मुलगी म्हणजे आमच्या हिशेबाने सहावी-सातवीतली. ती मिरचीच्या शेतात का होती, हा प्रश्न टाळेबंदीच्याही आधीचा आहे.

आता आपल्या वस्त्यांकडे वळू. आपल्यात पगारी नोकरदार थोडे. कोणी गॅरेजमध्ये, कोणी वेल्डिंगच्या दुकानात, कोणी शिवणयंत्रावर, कोणी ऑटो चालवितो. कोणी आठवडी बाजारात बांगड्या, कापड किंवा फळे विकतो, कोणाचे मटण-चिकनचे दुकान. कोंबडीवाल्यांची दैना तर टाळेबंदीपूर्वीच सुरू झाली होती, कारण कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो ही अफवा फेब्रुवारीतच पसरली आणि भाव कोसळले. एप्रिलमध्ये दुसरे विष पसरले. दिल्लीच्या एका धार्मिक संमेलनाचे निमित्त करून साऱ्या समाजावर बोट रोखले गेले आणि देशात अनेक ठिकाणी भाजीवाल्याचे, फळवाल्याचे नाव विचारून मग माल घेण्याचे प्रकार घडले. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या संमेलनास आलेल्या परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनविण्यात आले असे स्पष्ट मत नोंदविले. निकाल चांगला लागला. परंतु ज्याची केळी गाडीवर काळी पडली त्याला ती निकालाने परत मिळाली नाहीत. त्याच बरोबर हेही सांगितले पाहिजे की, ज्या शेजाऱ्यांशी आमचे वर्षानुवर्षांचे देणे-घेणे होते त्यांनी ते तोडले नाही. किराणावाल्याने उधारीची वही बंद केली नाही म्हणून कितीतरी घरांत चूल पेटली.

चुलीवरून आठवले. या दोन वर्षांत घर चालविले ते बायांनी, हे मी पुरुष मंडळींसमोर मुद्दाम सांगतो. कमाई आणणारा माणूस घरात बसला तेव्हा डब्यात काय शिल्लक आहे आणि ते किती दिवस पुरेल याचा हिशेब कोणाला ठाऊक होता? लाखोळीची डाळ, वाळविलेली भाजी, सांडगे, कुरड्या, मागच्या हंगामातील तांदूळ, भिशीत अडकलेले हजार-दोन हजार रुपये, हे सारे तिच्या माहितीत. एप्रिल २०२० पासून केंद्राच्या योजनेतून रेशनकार्डावरील पात्र कुटुंबांना माणशी ५ किलो धान्य मोफत मिळू लागले आणि ते थोड्याफार खंडाने २०२२ च्या अखेरपर्यंत चालले. केशरी कार्डावरील ज्या कुटुंबांना एरवी धान्य मिळत नव्हते त्यांनाही मे-जून २०२० मध्ये राज्य सरकारने ८ रुपये किलोने गहू व १२ रुपये किलोने तांदूळ दिला. शाळेचा पोषण आहार शिजेना, तेव्हा तांदूळ आणि डाळ पालकांच्या पिशवीत कोरडी देण्यात आली. या धान्याने घरे तगली, यात संशय नाही. मात्र धान्यावर तेल, तिखट, साबण आणि दूध मिळत नाही; त्यासाठी रोकड लागते. ती नसली की प्रथम दूध बंद होते, मग भाजी पातळ होते, आणि शेवटी घरातील बाई सर्वांचे झाल्यावर भांड्यात जे उरेल त्यावर भागविते. ‘मला भूक नाही’ हे वाक्य त्या दिवसांत आपल्या घरांत किती वेळा बोलले गेले असेल!

हप्त्यांबद्दल थोडे बोलतो, कारण पुष्कळ भगिनी त्यात फसल्या. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली आणि ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढविली. ‘हप्ता माफ झाला’ असा अर्थ अनेक घरांनी घेतला. हप्ता माफ झाला नव्हता, थांबला होता. व्याज चालूच होते. बचत गटाच्या किंवा छोट्या कर्ज कंपन्यांच्या कागदावर अंगठा देताना घरातील शिकत्या मुलाने वा मुलीने तो कागद आईला वाचून दाखवावा. आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला सरळव्याज येते. ते घरात वापरले नाही तर आम्ही शिकविलेले गणित काय कामाचे?

त्या वर्षीचा रमजान २५ एप्रिलला सुरू झाला. मशिदी बंद, तरावीह घरात, इफ्तार घरच्यांपुरता. ४५ अंशांच्या पुढे जाणारे आपले चंद्रपूरचे ऊन, सहा जण दोन खोल्यांत, आणि रोजे. २५ मे रोजी ईद झाली ती जुन्याच कपड्यांत. शीरखुर्म्यातील सुका मेवा त्या वर्षी कमी होता आणि फितरा-जकातीचे पैसे पुष्कळांनी गाजावाजा न करता शेजारच्या चुलीकडे वळविले. अनेक घरांत मुलांनी बापाला इमामत करताना त्याच वर्षी प्रथम पाहिले.

आता माझ्या मूळ विषयाकडे येतो, म्हणजे शाळेकडे आणि घरातील एका फोनकडे.

मार्च २०२० च्या मध्यावर शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर तेवढा राहिला होता, तो झालाच नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावीचे आणि जानेवारी २०२१ मध्ये पाचवी ते आठवीचे वर्ग काही ठिकाणी उघडले, परंतु दुसऱ्या लाटेत पुन्हा मिटले. ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून शाळा परत सुरू झाल्या त्या ४ ऑक्टोबर २०२१ रोजी. म्हणजे दीड वर्ष. ज्याची शेती असते त्याला विचारा, दीड वर्ष पडीक ठेवलेल्या बांधीत काय काय उगवते.

शासनाने काही केले नाही असे नाही. पाठ्यपुस्तके घरपोच दिली गेली, रोजचा अभ्यास मोबाईलवर येऊ लागला, जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका लागू लागली, नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ ऐकू येई. रेडिओचा मार्ग आपल्या भागाला खरोखरच सोयीचा होता. भामरागड, एटापल्ली, सिरोंचाकडील मुलांना रेंजसाठी टेकडीवर किंवा झाडावर चढावे लागे. तेथे मोबाईलवरचा वर्ग म्हणजे कागदावरची गोष्ट. आमच्यापैकी काही शिक्षकांनी साधी युक्ती केली. आठवड्याचा अभ्यास कागदावर लिहून मोहल्ल्यातील किराणा दुकानात ठेवायचा, मुलांनी सामान घ्यायला यावे तेव्हा तो न्यावा आणि मागचा सोडविलेला कागद तेथेच द्यावा. कागद परत येत तेव्हा त्यांना हळदीचा आणि घासलेटचा वास असे, पण ते येत. आणि त्या गठ्ठ्यातूनच एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. सुरुवातीला मुलींचे कागद अधिक येत. जून-जुलै उलटल्यावर ते कमी कमी होत गेले.

असे का व्हावे? मुलींचे मन उडाले होते काय? मुळीच नाही. घरात एक फोन, तो अब्बांच्या खिशात. अब्बा कामावर गेले की फोन गेला. संध्याकाळी परत आला की पहिला मान दहावीतल्या भावाचा, मग धाकट्याच्या खेळांचा, आणि बहिणीची पाळी येईपर्यंत दिवसाचा नेट संपलेला. शिवाय मुलगी ‘आहेच घरात’. हे ‘आहेच घरात’ फार वाईट. आहेच घरात तर पाणी भर, आहेच घरात तर लहान्याला सांभाळ, आहेच घरात तर भाकरी टाक. शाळेची घंटा मुलीला दिवसातून पाच तास या ‘आहेच घरात’मधून सोडवीत असे, हे शाळा बंद झाल्यावर आम्हांला कळले.

मुलीच्या हातात फोन नको, दिवस वाईट आहेत, असे पालक म्हणतात. ही भीती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. मीही एका मुलीचा बाप आहे. परंतु फोनची भीती मुलाच्या बाबतीत का वाटत नाही? फसवणुकीचे जितके प्रकार मोबाईलवर चालतात त्यांत मुलगेही सापडतात, आणि अधिक सापडतात असा माझा वर्गातील अनुभव आहे. उपाय काय करावा, तर फोन मधल्या खोलीत, सर्वांच्या नजरेसमोर, ठरलेल्या वेळी, ज्याच्या त्याच्या पाळीने. मुलाला एक तास तर मुलीलाही एक तास.

या बाबतीत मला एका आईचे वागणे सांगावेसे वाटते. ती आठवडी बाजारांत बांगड्या विकणारी, नवरा नाही, दोन मुली. बाजार बंद म्हणजे उत्पन्न शून्य. तिने बांगड्यांची पेटी बाजूला ठेवून बचत गटाकडून मास्क शिवण्याचे काम आणले. घरात जुना एक फोन होता. दर महिन्याला किराण्याची यादी ती मोठ्या मुलीकडून लिहवून घेई, आणि त्या यादीत तेल, मीठ, साबण याखाली तिने एक नाव कायमचे घातले : रिचार्ज. ती मला म्हणाली, “गुरुजी, मीठ संपलं तर आपण आणतोच ना, मग हे पण मिठासारखंच.” दूध तिनेही बंद केले, ईदचे कपडे तिनेही घेतले नाहीत. पण कशाला हात लावायचा नाही हे तिने आधी ठरविले होते, आणि ठरविलेले यादीत लिहिले होते. तिच्या दोन्ही मुली पुढे शिकल्या. त्याच गल्लीत तिच्याहून बरी कमाई असलेली घरे होती, तेथे मुलींच्या वह्या रद्दीत गेल्या. तेव्हा शिक्षण सुटले ते सर्वत्र गरिबीमुळेच सुटले, हे म्हणणे मला पूर्णपणे पटत नाही.

लग्नांचेही असेच झाले. पाहुण्यांवर ५० माणसांची, पुढे त्याहून कमी अशी मर्यादा आली. खर्च वाचतो ही गोष्ट उत्तमच. मी तर म्हणतो ती मर्यादा आपण आपणहून कायम ठेवायला हवी होती. परंतु ‘थोडक्यात उरकते आहे’ या मोहाने पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींची लग्ने उरकण्याची घाई काही घरांनी केली, आपल्यातही आणि इतर समाजांतही. कायद्याने मुलीचे वय १८ लागते, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. मुलींनो, १०९८ हा क्रमांक पाठ करून ठेवा. तो बालकांच्या मदतीचा क्रमांक आहे, फुकट लागतो.

मुलांची तऱ्हा निराळी. गॅरेज उघडले तसा चौदा वर्षांचा मुलगा पाने-पक्कड उचलण्यास गेला. दिवसाचे शंभर-दीडशे घरी येऊ लागले, आईला हायसे वाटले, बापाने मना केले नाही. त्यात त्या मुलाचा दोष नाही, उलट त्याने घर सावरले. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये शाळा उघडली तेव्हा त्याच्या खिशात स्वतःचे पैसे होते, स्वतःचा मोबाईल होता आणि उस्ताद त्याला ‘कारागीर’ म्हणू लागला होता. अशा मुलाला पुन्हा बाकावर बसविणे फार जड जाते. आम्ही घरोघर गेलो. काही आले, काही आले नाहीत. २०२१ ची दहावीची परीक्षा रद्द होऊन अंतर्गत गुणांवर निकाल लागला, तो राज्यात ९९.९५ टक्के. त्या निकालाची पुष्कळ थट्टा झाली, ‘कोरोना बॅच’ म्हणून त्या मुलांना अजून चिडवितात. मला त्या थट्टेचा राग येतो. ज्या मुलीने रेंजसाठी टेकडी चढून धडे उतरवून घेतले तीही त्याच बॅचची आहे.

दुसऱ्या लाटेबद्दल, एप्रिल-मे २०२१ बद्दल, लांबण लावणार नाही. येथे बसलेल्यांपैकी ज्यांच्या घरी माणूस गेले त्यांना मी काय सांगणार? पहिल्या वर्षी भूक आधी आली होती, दुसऱ्या वर्षी रोग थेट उंबरठ्यावर आला. चंद्रपुरात खाटा मिळेनात. आजारी बापाला रुग्णवाहिकेत घालून एक मुलगा खाटेच्या शोधात तेलंगणापर्यंत जाऊन तसाच परत आला, ही बातमी साऱ्या देशाने पाहिली. पण घरातील एका गोष्टीविषयी बोललेच पाहिजे, ती म्हणजे ताप लपविण्याची. आपल्या भागात, विशेषतः गडचिरोलीकडे, तापाचे नाव निघाले की हिवताप असेल असे म्हणण्याची सवय आहे, आणि राज्यातील हिवतापाचे सर्वाधिक रुग्ण त्या काळी तेथेच आढळत होते हेही खरे. त्यामुळे पावसाळ्यात कोणता ताप कशाचा हे तपासल्यावाचून कळणे शक्य नव्हते. तरी आशा ताई दारात आल्या की ‘आमच्याकडे सगळे ठीक’ असे सांगून आत खोकणाऱ्या आजीला गप्प बसविणारी घरे होती. गल्ली बंद होईल, लोक काय म्हणतील, दवाखान्यात नेले की माणूस परत येत नाही, ही तीन भये. तिसरे भय तर उशिरा नेल्यामुळेच खरे ठरत होते.

लसीचेही तसेच. १६ जानेवारी २०२१ पासून लस सुरू झाली, १ मेपासून १८ वर्षांवरील सर्वांना ती खुली झाली, आणि खेड्यापाड्यांत लोक लस देणाऱ्यांना पाहून जंगलात पळत होते. यात केवळ अडाणीपणा पाहू नये. अनोळखी माणूस, अनोळखी भाषा आणि सुई, कोणीही बिचकेल. जेथे माडिया-गोंडीत बोलणारा आपला माणूस पुढे झाला तेथे लोक ऐकू लागले. आपल्या वस्त्यांत तेच काम शिकलेल्या मुलामुलींनी केले. १८९७ च्या जानेवारीत मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या, हे आम्ही वर्गात शिकवितो. हजरत उमर शाम देशाकडे निघाले असता पुढे ताऊन पसरल्याचे कळताच आपली माणसे घेऊन परत फिरले, आणि जेथे साथ आहे तेथे जाऊ नये व असलेल्यांनी तेथून बाहेर पडू नये हा पैगंबर साहेबांचा आदेश त्या वेळी त्यांना सांगण्यात आला, हेही आपल्या घरांत माहीत असते. ही माहिती असलेल्या घरांतून लस आणि विलगीकरण यांना विरोध होण्याचे कारण नव्हते. तरी तो झाला.

ज्या घरांतील कर्ते माणूस गेले त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. कोरोनाने मृत्यू झालेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपयांचे अनुदान ठरले. ज्या बालकांचे आई-वडील दोघेही गेले त्यांच्या नावे राज्याने ५ लाख रुपयांची ठेव ठेवली. मिळाले कोणाला? ज्यांच्याकडे कागद होते त्यांना. मृत्यूच्या दाखल्यावरील नाव एक, आधारवरील दुसरे, रेशनकार्डावरील तिसरे. शेख कोठे पुढे, कोठे मागे, कोठे गायब. आपल्या नावांच्या या घोळाने कित्येक विधवा भगिनींनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले. प्रत्येक पालकाने या महिन्यात घरातील सर्वांचे दाखले एका जागी काढून नावे ताडून पहावीत. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना मी हेच काम गृहपाठ म्हणून देत आहे. आई-वडिलांनी पेटीची किल्ली तेवढी द्यावी.

शेवटी एक सूचना, आणि ती अध्यक्षांच्या संमतीने करीत आहे. साथीच्या वर्षांत ज्यांची शाळा सुटली ती मुले आता मोठी झाली आहेत, कोणी मिस्त्री झाले, कोणाच्या पदरात मूल आहे. दहावी-बारावीची परीक्षा खाजगीरीत्या, १७ नंबरचा अर्ज भरून देता येते. अर्ज ऑनलाइन भरावा लागतो, मुदत असते, आणि शाळा सोडल्याचा दाखला लागतो. दाखला हरवला असेल तर त्याचीही वाट निघते. आम्ही चार शिक्षक दर रविवारी सकाळी शाळेच्या वाचनालयात याच कामासाठी बसणार आहोत. संध्याकाळी गॅरेज बंद झाल्यावर ज्यांना यायचे असेल त्यांच्यासाठी मगरिबनंतरही एक वर्ग ठेवू. मुलींसाठी दुपारची वेळ आहे, लहान मूल बरोबर आणले तरी चालेल. दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. आपल्या घरात, शेजारात, नात्यात असे कोणी असेल तर त्याचे नाव, वस्ती आणि शाळा कोणत्या इयत्तेत सुटली एवढे तीत लिहून जावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी आठवीच्या दोन मुली तेथे बसल्या आहेत.